गांवचें पाणी आणि देशाची तिजोरी



नळ सोडला कीं पाणी यावें आणि रात्रीं-अपरात्रीं आग लागली तर बंब यावा, या दोन गोष्टी शहरांत राहणारा माणूस इतक्या गृहीत धरून चालतो कीं, त्या मिळेनाशा झाल्या म्हणजेच त्याला त्यांची आठवण होते. पण घरांतल्या नळामागें रस्त्याखालचा मोठा नळ असतो, त्यामागें टांकी असते, टांकीमागें पाणी शुद्ध करण्याचें यंत्र असतें आणि या सर्वांच्या मागें पैसा असतो. हा पैसा कोणीं द्यावा? ज्या गांवाला पाणी प्यावयाचें त्यानें, त्या प्रांतानें, कीं साऱ्या देशानें? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचा खल गेलीं पन्नासांहून अधिक वर्षें चालू आहे. तेथील लहानशा नगरानें देशाच्या तिजोरीकडे मागणी करावयाची ती कोणत्या दारानें आणि कोणत्या अटींवर, याची एक पद्धतिच तेथें तयार झाली आहे. तिची ओळख आज आपणांस करून द्यावी असा माझा हेतु आहे.

प्रथम एक खुलासा करतों. अमेरिकेच्या विधिमंडळाचें नांव काँग्रेस असें आहे. आपल्याकडील त्या नांवाच्या पक्षाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. या काँग्रेसचीं दोन गृहें आहेत. प्रतिनिधिगृहांत ४३५ सभासद असतात आणि सेनेटमध्यें प्रत्येक संस्थानाचे दोन याप्रमाणें १००. १७८७ सालीं तयार झालेल्या तेथील राज्यघटनेचा असा दंडक आहे कीं, कायद्यानें मंजुरी मिळाल्यावांचून खजिन्यांतून एक पैहि काढतां येणार नाहीं. म्हणून गांवाची मागणी अखेर पोंचावयाची ती या विधिमंडळापाशींच.

वास्तविक पाणी, पोलीस आणि आगीपासून रक्षण हीं कामें अमेरिकेंत मूळचीं स्थानिकच आहेत. वस्तीला बारमाही पाणी पुरविणाऱ्या संस्था त्या देशांत सुमारें पन्नास हजार आहेत आणि त्यांतील बहुतेक अगदीं लहान आहेत. पोलीस खातीं सुमारें अठरा हजार आहेत. आग विझविणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोक बिनपगारी स्वयंसेवक असतात. बेंजामिन फ्रँकलिन यानें १७३६ सालीं फिलाडेल्फिया येथें शेजाऱ्यांचें जें अग्निरक्षक मंडळ काढलें, त्याचीच ही परंपरा. आपलें आपण पाहावें, ही वृत्ति त्या लोकांच्या हाडींमांसीं खिळलेली आहे.

मग अशा लोकांवर देशाच्या तिजोरीकडे पाहण्याची पाळी कां यावी? याचीं तीन कारणें आहेत. पहिलें कारण साध्या हिशेबाचें आहे. नळाचा खर्च त्याच्या लांबीवर ठरतो. तो किती घरांना पुरतो यावर ठरत नाहीं. मोठ्या शहरांत एका मैलाच्या नळाचा खर्च हजारों कुटुंबांत वांटला जातो, लहान गांवांत तोच खर्च शेंपन्नास कुटुंबांच्या माथीं बसतो. दुसरें कारण नदी. वरच्या गांवानें जें घाण पाणी सोडावें तें खालच्या गांवानें प्यावें, असा नदीकांठचा न्याय असतो. वरच्या गांवानें मैला शुद्ध करण्याचें यंत्र बसविलें तर खर्च त्याचा आणि लाभ दुसऱ्याचा होतो. अशा कामीं साऱ्या देशानें हात लावणें न्यायाचें ठरतें. तिसरें कारण असें कीं, पाणी किती शुद्ध असावें याचे नियम १९७४ च्या कायद्यापासून मध्यवर्ती सरकार ठरवितें. नियम राजधानींत होतात आणि त्यांचा खर्च गांवांत होतो. तेव्हां खर्चाचा कांहीं भार राजधानीनें उचलावा हें मागणें अवाजवी म्हणतां येत नाहीं.

मध्यवर्ती सरकारनें प्रथम मोकळ्या हातानें मदत केली. १९७२ च्या जलशुद्धि कायद्यानें मैलापाण्याच्या यंत्रांना खर्चाच्या ७५ टक्के देणगी मिळूं लागली. १९८१ च्या दुरुस्तीनें हें प्रमाण ५५ टक्क्यांवर आणण्याचें ठरलें. १९८७ सालीं तर देणगी बंद करून तिच्याऐवजीं कर्जाची योजना आली, आणि १९९६ सालीं पिण्याच्या पाण्यासाठींहि तशीच योजना झाली. या योजनेला ‘फिरता निधि’ म्हणतात. मध्यवर्ती सरकारनें संस्थानाला भांडवल द्यावयाचें, संस्थानानें त्यांत पांचास एक या प्रमाणांत आपली भर घालावयाची, आणि त्यांतून गांवांना हलक्या व्याजानें कर्ज द्यावयाचें. गांवाच्या कोठारांतून बियाणें उचलावें आणि सुगी झाली कीं परत भरावें, म्हणजे पुढच्या पेरणीला दुसऱ्याची सोय होते, तसाच हा प्रकार. एका गांवानें फेडलेला पैसा दुसऱ्या गांवाचा नळ होतो.

पोलीस व अग्निरक्षण यांसाठीं असे फिरते निधि नाहींत. तेथें स्पर्धेनें मिळणाऱ्या देणग्या आहेत. पोलिसांसाठीं १९९४ च्या कायद्यानें एक मोठी योजना सुरू झाली आणि अग्निशामक दलांसाठीं २००१ पासून देणग्या मिळूं लागल्या. या सर्वांना आपण सार्वजनिक दार म्हणूं. येथें अर्ज तपासले जातात, गरज मोजली जाते आणि क्रम लागतो.

याखेरीज आणखी एक दार आहे. त्यांतून जावयाचें तर गांवानें आपल्या मतदारसंघाच्या सभासदाकडे अथवा संस्थानाच्या सेनेटराकडे जावयाचें आणि सभासदानें त्या कामाचें नांव व रक्कम थेट खर्चाच्या कायद्याला जोडलेल्या यादींत घालून घ्यावयाची. याला इंग्रजींत ‘ईअरमार्क’ असा शब्द आहे. जनावर कोणाचें हें ओळखूं यावें म्हणून त्याच्या कानाला खूण पाडण्याची जुनी चाल होती. तशी ही पैशाच्या कानाला पाडलेली खूण होय. या दाराला आपण नांवाचें दार म्हणूं.

या दारानें पुष्कळ चांगलीं कामें झालीं आणि पुष्कळ वाईटहि झालीं. २००५ सालच्या रस्तेबांधणीच्या कायद्यांत अशीं सहा हजारांहून अधिक कामें नांवानिशीं घुसलीं होतीं. त्यांत अलास्कांतील केचिकन गांवापासून ग्रॅव्हिना बेटापर्यंत पूल बांधण्यासाठीं सुमारें २२ कोटी डॉलर होते. त्या बेटावर विमानतळ होता हें खरें, पण वस्ती अवघी पन्नास माणसांची होती आणि नावेची सोय चालू होती. लोकांनीं त्याला ‘कोठेंहि न जाणारा पूल’ असें नांव दिलें, आणि अखेर २००७ सालीं संस्थानानेंच तो बेत सोडला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाचा एक सभासद रँडी कनिंगहॅम यानें लष्करी सामानाच्या कंत्राटदारांकडून चोवीस लाख डॉलरांची लांच खाल्ल्याचें न्यायालयांत कबूल केलें. खर्चाच्या कायद्यांत त्यांच्या कामांची सोय लावून देणें हाच त्या लांचेचा मोबदला होता. २००६ सालीं त्याला आठ वर्षें चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रतिनिधिगृहानें २००७ सालीं मागणाऱ्या सभासदाचें नांव जाहीर करण्याचा नियम केला. तरी लोकांचा संताप शमला नाहीं आणि २०११ सालापासून दोन्हीं गृहांनीं हें दार बंद करून टाकलें.

दहा वर्षें तें बंद राहिलें. या अवधींत असें दिसून आलें कीं, दार बंद केल्यानें खर्च थांबला नाहीं. कोणत्या गांवाला काय मिळावें हें ठरविण्याचें काम फक्त सभासदांकडून खात्यांतील अधिकाऱ्यांकडे गेलें. आपल्या भागांतला नळ कोठें फुटतो हें ज्याला ठाऊक, त्याला सांगण्याचा अधिकार नाहीं, अशी तक्रार वाढली. २०२१ सालीं दोन्हीं गृहांनीं हें दार पुन्हां उघडलें, पण उंबरठा उंच करून. प्रतिनिधिगृहांत पहिल्या वर्षीं एका सभासदाला फक्त दहा मागण्या करतां आल्या, पुढच्या वर्षीं पंधरा. नफा मिळविणाऱ्या कंपनीला पैसा द्यावयाचा नाहीं. प्रत्येक मागणी सभासदानें आपल्या संकेतस्थळावर सर्वांना दिसेल अशी मांडावयाची. या कामांत आपला किंवा आपल्या निकटच्या कुटुंबीयांचा आर्थिक संबंध नाहीं, असें सहीनिशीं लिहून द्यावयाचें. गांवचा पाठिंबा असल्याचा पुरावा जोडावयाचा. सर्व कामांची मिळून रक्कम त्या वर्षीं मंजुरीस येणाऱ्या ऐच्छिक खर्चाच्या एका टक्क्याहून अधिक होऊं द्यावयाची नाहीं. शिवाय काँग्रेसच्या हिशेबतपासनीस कचेरीनें त्यांतील निवडक कामें तपासावयाचीं. या पद्धतीनें झालेला पहिला कायदा १५ मार्च २०२२ रोजीं मंजूर झाला. त्यांत जवळजवळ पांच हजार कामें होतीं आणि त्यांची रक्कम सुमारें ९१० कोटी डॉलर भरली.

आतां प्रत्यक्ष अर्ज कसा होतो तें पाहूं. समजा, चार हजार वस्तीचें एक नगर आहे. त्याचा मुख्य नळ ऐंशी-नव्वद वर्षांचा जुना, पोलिसांचीं बिनतारी यंत्रें जुनाट आणि आगीच्या बंबाची इमारत पडकी. नगराच्या मनांत तिन्ही कामें एकाच अर्जांत घालावीं असें येईल. पण तसें चालत नाहीं. मध्यवर्ती खर्चाचे कायदे बारा असतात आणि प्रत्येक कामाचा कायदा निराळा. नळाचा पैसा पर्यावरण खात्याच्या हिशेबांतून येतो, पोलिसांच्या यंत्रांचा न्याय खात्याच्या, आणि लहान गांवांतील बंबाच्या इमारतीचा, ऐकून नवल वाटेल, शेतकी खात्याच्या. कारण वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गांवांतील सार्वजनिक इमारती त्या खात्याकडे आहेत. कोणतें काम कोणत्या दारांत न्यावें हें ठाऊक नसल्यानेंच कित्येक अर्ज फुकट जातात.

पुढें अर्जाचा मजकूर. मीं आयुष्यभर मुलांना विनंतीअर्ज लिहावयास शिकविलें. त्यांत नम्रतेचीं वाक्यें पुष्कळ आणि मुद्दा शेवटच्या ओळींत, हा दोष नेहमीं आढळे. येथें तो चालत नाहीं. किती माणसांना पाणी मिळतें, नळ वर्षांतून किती वेळां फुटतो, दुरुस्तीचा अंदाज कोणत्या इंजिनियरनें केला, काम न केल्यास काय होईल आणि गांवचा वाटा कोठून येईल, या पांच प्रश्नांचीं उत्तरें आंकड्यांनीं द्यावीं लागतात. नगरसभेचा ठराव व रहिवाशांचीं पत्रें जोडावीं लागतात. बहुधा वसंत ऋतूंत हे अर्ज सभासदाच्या कचेरींत जातात. तेथें आलेल्या ढिगांतून सभासद आपल्या संख्येपुरते निवडतो, समित्या त्यांची छाननी करतात आणि १ ऑक्टोबरला नवें अर्थवर्ष सुरू होण्यापूर्वीं कायदा व्हावा अशी अपेक्षा असते. ती क्वचितच पुरी होते. वर सांगितलेला पहिला कायदाच साडेपांच महिने उशिरा झाला.

कायदा झाला म्हणजे पैसा हातीं आला असेंहि नाहीं. पाण्याच्या कामांत साधारणतः ८० टक्के मध्यवर्ती सरकारचे आणि २० टक्के गांवाचे असा वांटा असतो. फार गरीब गांवाला त्यांत सूट मिळूं शकते. दहा लाख डॉलरांचें काम धरलें तर दोन लाख गांवानें उभे करावयाचे. आपल्या कल्पित नगरांत सोळाशें घरें असतील तर दर घरामागें १२५ डॉलर झाले. शिवाय कामाचा परिसरावर काय परिणाम होईल याची तपासणी, खुल्या निविदा, नळासाठीं अमेरिकेंत तयार झालेलेंच लोखंड व पोलाद, अशा अटी आहेत. आणि पैसा बहुतेक झालेल्या खर्चाची बिलें दाखविल्यावर मिळतो. एवढें करूनहि भरंवसा नाहीं. २०२५ च्या अर्थवर्षासाठीं शेंकडों गांवांनीं अर्ज केले, सभासदांनीं ते उचलून धरले, समित्यांनीं याद्या केल्या. पण १५ मार्च २०२५ रोजीं जो खर्चाचा कायदा झाला त्यांत मागील वर्षाचीच तरतूद बहुतांशीं पुढें चालविली गेली आणि नांवाचीं सर्व कामें गळालीं. ज्यांनीं त्या भरंवशावर अंदाजपत्रकें केलीं होतीं त्यांना पुन्हां आरंभापासून लागावें लागलें.

येथपर्यंत मीं पद्धत सांगितली. आतां तिच्यांतील मर्माचा मुद्दा सांगतों. नांवाच्या दारानें जो पैसा जातो तो येतो कोठून? पाण्याच्या बाबतींत तो निराळ्या थैलींतून येत नाहीं. २०२२ पासूनच्या कायद्यांत तो वर सांगितलेल्या फिरत्या निधींच्या तरतुदींतूनच काढला गेला. २०२३ च्या अर्थवर्षांत मैलापाण्याच्या निधीला सुमारें १६४ कोटी डॉलर मंजूर झाले. त्यांतील सुमारें ८६ कोटी नांवाच्या कामांकडे गेले. पिण्याच्या पाण्याच्या निधीला सुमारें ११३ कोटी मंजूर झाले. त्यांतील सुमारें ६१ कोटी तसेच गेले. म्हणजे दोहोंतहि निम्म्याहून अधिक. २०२१ च्या बांधकाम कायद्यानें या दोन निधींना २०२२ ते २०२६ या पांच अर्थवर्षांकरितां प्रत्येकीं सुमारें १,१७० कोटी डॉलरांची जादा भर दिली, त्यामुळें ही तूट लोकांच्या डोळ्यांवर आली नाहीं. पण ती भर ठराविक मुदतीची होती, आणि झीज कायमची आहे. कारण कर्जाऊ दिलेला डॉलर परत येऊन दुसऱ्या गांवाच्या उपयोगीं पडतो. देणगी दिलेला डॉलर एकदांच कामास येतो. बियाण्याच्या कोठारांतून कोणाला पोतें बक्षीस दिलें तर त्याचें शेत पिकेल, पण पुढच्या पेरणीला कोठारांत तेवढी उणीव राहील.

यावर दुसऱ्या बाजूचें म्हणणेंहि ऐकलें पाहिजे. कांहीं गांवें इतकीं गरीब असतात कीं, हलक्या व्याजाचेंहि कर्ज त्यांना पेलत नाहीं. त्यांना देणगीच हवी, आणि त्यांचें गाऱ्हाणें सभासदाखेरीज कोण नेणार? हें म्हणणें खरें आहे. परंतु अडचण अशी कीं, सर्वांत गरीब गांवापाशीं अर्ज लिहिणारा कारकून नसतो, अंदाज करणारा इंजिनियर नसतो आणि वीस टक्केहि नसतात. ज्याच्यापाशीं हें सर्व आहे तें गांव नांवाच्या दारांत पहिलें जाऊन उभें राहतें. ज्यांच्यासाठीं दार उघडलें ते मागें आणि ज्यांना सार्वजनिक दारानेंहि भागलें असतें ते पुढें, असें होण्याचा धोका कायम असतो.

आणि जीं गांवें मागेंच राहतात त्यांचें काय होतें? मिशिगनमधील फ्लिंट शहरानें एप्रिल २०१४ मध्यें काटकसरीसाठीं पाण्याचा उगम बदलला. नदीचें पाणी नीट संस्कार न करतां सोडल्यामुळें जुन्या नळांतील शिसें पाण्यांत उतरलें आणि लहान मुलांच्या रक्तापर्यंत पोंचलें. डिसेंबर २०१६ मध्यें काँग्रेसनें त्या शहरासाठीं १० कोटी डॉलर मंजूर केले. मिसिसिपी संस्थानची राजधानी जॅक्सन. तेथें ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस पाणी शुद्ध करण्याचें मुख्य केंद्र बंद पडलें आणि सुमारें दीड लाख लोकांच्या शहरांत नळ कोरडे झाले. त्या डिसेंबरांत ६० कोटी डॉलर मंजूर झाले. दोन्हीं ठिकाणीं पैसा आला, पण संकट येऊन गेल्यावर आला. लोकांनीं बाटल्यांतलें पाणी वाहून नेलेलें चित्र जगभर गेल्यावर तिजोरी उघडली. नळ फुटण्यापूर्वीं बदलावयास जो खर्च आला असता, त्याहून हा किती अधिक पडला असेल, हें आपणच ताडावें. आणि मुलांच्या अंगांत गेलेलें शिसें कोणत्याहि मंजुरीनें परत निघत नाहीं.

आपल्या देशांतहि याच जातीची एक योजना आहे. संसदसदस्यांचा स्थानिक विकास निधि २३ डिसेंबर १९९३ रोजीं सुरू झाला आणि २०११-१२ पासून प्रत्येक खासदाराला वर्षाला पांच कोटी रुपयांपर्यंतचीं कामें सुचवितां येऊं लागलीं. दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. आपल्याकडे प्रत्येक खासदाराची रक्कम आधीं ठरलेली व सर्वांना सारखी असते आणि काम कोणतें हें मागाहून ठरतें. अमेरिकेंत रक्कम ठरलेली नसते, पण काम, गांव, रक्कम आणि मागणाऱ्याचें नांव हीं सर्व मंजुरीच्या आधींच उघड छापलीं जातात. आपल्या पद्धतींत समानता अधिक आहे, त्यांच्या पद्धतींत आगाऊ चौकशीला वाव अधिक आहे. यांतून एकमेकांनीं घेण्यासारखें पुष्कळ आहे.

माझ्या मतें गांवानें देशाकडे मागणें यांत लाजिरवाणें कांहीं नाहीं. तिजोरींतला पैसा गांवांतूनच गेलेला असतो. प्रश्न मागण्याचा नसून मागण्याच्या रीतीचा आहे. मागणी उघड्यावर व्हावी, आंकड्यांनीं व्हावी, आपला वाटा घालून व्हावी; आणि जें मिळालें तें कोणाच्या वांट्यांतून आलें याचा हिशेब देणाऱ्यानें व घेणाऱ्यानें दोघांनींहि ठेवावा. यांतील पहिल्या तीन गोष्टी अमेरिकेनें पुष्कळ अंशीं साधल्या आहेत. चौथी अद्याप साधावयाची आहे.

आपल्या गल्लींत एखादी पाण्याची टांकी उभी राहते आणि तिच्यावर अमुक सदस्यांच्या निधींतून, अशी पाटी लागते. ती पाटी वाचून आपण समाधानानें पुढें जातों. यापुढें जातांना क्षणभर थांबावें आणि विचारावें: ज्या वस्तींत अशी पाटी नाहीं, तेथें पाण्याची गरज नव्हती, कीं ती मांडणारें कोणी नव्हतें?